परवान्याशिवायचा सिनेमा: जाफर पनाहींवरची बंदी नेमकी कशी चालते?

१ डिसेंबर २०२५ या एकाच दिवशी जाफर पनाही या इराणी दिग्दर्शकाबद्दल दोन बातम्या आल्या. तेहरानच्या न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना एक वर्षाची कैद सुनावली आणि दोन वर्षं देशाबाहेर जायला मनाई केली. आरोप होता राजवटीविरुद्ध प्रचार केल्याचा. आणि त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये गॉथम पुरस्कारांच्या सोहळ्यात त्यांच्या 'इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट' या चित्रपटाला तीन पुरस्कार मिळाले. त्याआधी मे महिन्यात याच चित्रपटाने फ्रान्समधल्या कान महोत्सवातला सर्वोच्च सन्मान, 'पाम दोर', मिळवला होता.

बातमी वाचून माझ्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "दादा, या माणसावर वीस वर्षं सिनेमा काढायची बंदी होती ना? मग दर दोन-तीन वर्षांनी नवा सिनेमा येतो कुठून?" प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्यासाठी इराणमध्ये सिनेमा बनतो कसा, इथपासून सुरुवात करावी लागते.

आधी 'परवाना' समजून घेऊ

दुकानाचा परवाना, बंदुकीचा परवाना असं आपण सहज म्हणतो. हा शब्द मराठीत फारसीतून आला आणि इराणमध्ये तो आजही त्याच अर्थाने रोज वापरात आहे. तिथे सिनेमा काढणाऱ्याला दोन परवाने लागतात. पहिला 'परवाने-ये साख्त', म्हणजे बनवण्याचा परवाना. दुसरा 'परवाने-ये नमायेश', म्हणजे दाखवण्याचा. दोन्ही देतं संस्कृती आणि इस्लामी मार्गदर्शन मंत्रालय.

घर बांधताना आधी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो आणि घर उभं राहिलं की भोगवटा प्रमाणपत्र. नकाशा मंजूर झाला म्हणून राहायला जाता येईलच, याची खात्री नसते. इराणी सिनेमाचं तसंच आहे. आधी पटकथा मंजूर व्हायला हवी आणि पुरा झालेला चित्रपट पुन्हा तपासणीला जातो. आपल्याकडे चित्रपटाला प्रमाणपत्र लागतं ते तो तयार झाल्यावर. नाटकाची संहिता मात्र प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. या दोन्ही चाळण्या एकाच सिनेमाला लावा, म्हणजे इराणी दिग्दर्शकाची गत कळेल.

नियम काय असतात? बाईच्या डोक्यावर रुमाल हवा, अगदी स्वतःच्या घरात नवऱ्यासमोर बसली असली तरीही. पडद्यावर स्त्री-पुरुषांनी एकमेकांना स्पर्श करायचा नाही. आणि सगळ्यात निसरडा नियम म्हणजे 'सियाह-नमायी' नको. सियाह म्हणजे काळं. मराठीतली 'शाई' याच शब्दाच्या घरातली. सियाह-नमायी म्हणजे देशाचं चित्र काळं रंगवणं. किती काळं म्हणजे काळं, याचं माप कुठेच ठरलेलं नाही. म्हणून हा आरोप कधीही, कुणावरही ठेवता येतो.

सुरुवात लहान मुलांपासून का झाली?

पनाहींचा जन्म १९६० चा, इराणच्या वायव्येकडच्या मियाने गावचा. वडील घरं रंगवण्याचं काम करायचे. इराण-इराक युद्धात लष्करी सेवा, मग तेहरानमध्ये सिनेमाचं शिक्षण, आणि पुढे नामवंत इराणी दिग्दर्शक अब्बास कियारोस्तामींचे सहायक म्हणून 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज'वर काम. १९९५ साली त्यांनी स्वतःचा पहिला मोठा चित्रपट केला, 'द व्हाइट बलून'. पटकथा कियारोस्तामींची होती.

त्या काळात इराणमधून मुलांवरचे इतके चित्रपट का येत होते, याचं एक कारण वरच्या नियमांत आहे. घरातले नवरा-बायको खरेखुरे दाखवायचे तर पावलोपावली नियम आडवे येतात. लहान मूल मात्र रस्त्यावर फिरू शकतं, रडू शकतं, कुणाचाही हात धरू शकतं, मोठ्यांना अडचणीत टाकणारे प्रश्न विचारू शकतं.

'द व्हाइट बलून'ची गोष्ट एका ओळीची आहे. नवरोज, म्हणजे इराणी नववर्ष, दीडेक तासावर आलंय आणि सात वर्षांच्या रझियाला गुबगुबीत सोनेरी मासा हवाय. आई कुरकुरत पाचशे तोमानची नोट देते. ती नोट बंद दुकानाच्या तळघरावरच्या जाळीतून खाली पडते. दिसते, पण हाताला लागत नाही. शेवटी फुगे विकणारा एक अफगाण मुलगा आपल्या काठीच्या टोकाला च्युइंग गम चिकटवून नोट वर काढायला मदत करतो. नोट निघते, भावंडं मासा घेऊन घराकडे पळतात. आपण त्यांच्यामागे जाणार असं वाटत असतानाच कॅमेरा जागचा हलत नाही. तो पोरगा तिथेच बसून आहे, काठीला एकच पांढरा फुगा. सणाच्या दिवशी त्याला जायला घर नाही. चित्र तिथेच गोठतं.

सिनेमाला नाव आहे ते त्या फुग्याचं. दीड तास आपण एका मुलीच्या माशाची काळजी करत होतो आणि दिग्दर्शकाने अलगद दाखवून दिलं की आपण कुणाकडे पाहिलंच नव्हतं. पनाही समजून घ्यायचे असतील तर माझ्या मते ही एवढी चौकट पुरेशी आहे. पुढे तुरुंग झाला, बंदी आली, तरी त्यांनी कॅमेरा ठेवला तो मागे राहिलेल्या माणसाजवळच. या चित्रपटाला कान महोत्सवात पहिल्या कलाकृतीसाठीचा 'कॅमेरा दोर' मिळाला.

त्या मुली मोठ्या झाल्या की काय होतं?

२००० साली आलेला 'द सर्कल' दवाखान्यातल्या एका छोट्या खिडकीपाशी सुरू होतो. बाळंतिणीच्या आईला नर्स सांगते, मुलगी झाली. आजीबाईंचा चेहरा उतरतो. तपासणीत मुलगा सांगितला होता, आता सासरचे काडीमोड मागतील. मराठी प्रेक्षकाला या प्रसंगाला उपशीर्षकं लागू नयेत, इतका तो ओळखीचा आहे. तिथून गोष्ट एका बाईकडून दुसरीकडे सरकत जाते. कुणी तुरुंगातून सुटलेली, कुणाला सोबत पुरुष नसल्याने प्रवास अवघड, कुणी पोटच्या पोरीला रस्त्यावर सोडून देणारी. शेवटी पुन्हा तशीच एक खिडकी येते, पण कोठडीच्या दाराची. सुरुवातीला दवाखान्यात ज्या बाळंतिणीचं नाव पुकारलं होतं, तेच नाव तिथे पुकारलं जातं. व्हेनिसमध्ये 'गोल्डन लायन' मिळालेला हा सिनेमा इराणमध्ये पडद्यावर येऊ दिला नाही.

'क्रिमझन गोल्ड' (२००३) हा घरोघरी पिझ्झा पोचवणाऱ्या एका थकलेल्या माणसाबद्दल आहे. तेहरानच्या उत्तरेकडच्या श्रीमंत घरांच्या दारात रोज उभं राहणाऱ्या माणसाला काय दिसत असेल, हा त्याचा विषय.

आणि २००६ चा 'ऑफसाइड'. इराणमध्ये पुरुषांच्या फुटबॉल सामन्याला बायकांना मैदानात येऊ देत नसत. पनाहींच्या स्वतःच्या मुलीलाही अडवलं होतं, त्यातून ही कल्पना आली. परवान्यासाठी दिलेल्या कथेत मात्र सामना पाहायला जाणारी मुलं होती. चित्रीकरण झालं ते जून २००५ मधल्या इराण-बहारीन सामन्याच्या दिवशी, आझादी स्टेडियमच्या आवारात. मुलांचे कपडे घालून घुसलेल्या मुली पकडल्या जातात आणि मैदानामागे कठडे लावून केलेल्या कोंडवाड्यात उभ्या राहतात. आत जल्लोष चाललेला ऐकू येतो, दिसत काही नाही. एकीला शौचालयात जायचंय, पण तिथे बायकांसाठी शौचालयच नाही. मग पहाऱ्यावरचा शिपाई फुटबॉलपटूच्या पोस्टरला डोळ्यांपुरती भोकं पाडून तिच्या तोंडावर बांधतो आणि पुरुषांच्या शौचालयाबाहेर स्वतः पहारा देत इतरांना हाकलत राहतो. हसून पोट दुखतं आणि मग गळ्याशी काहीतरी अडकतं.

त्या शिपायांकडे नीट पाहा. सक्तीच्या सैनिकी सेवेला आलेली खेड्यातली पोरं आहेत ती. एकाचा जीव गावी, गुराढोरांत अडकलेला. नियम कुणी केला, का केला, हे त्यालाही ठाऊक नाही.

मग त्यांना राजकीय दिग्दर्शक का म्हणायचं नाही?

पनाही स्वतःला सामाजिक दिग्दर्शक म्हणवून घेतात, राजकीय नाही. त्यांची मांडणी अशी, की राजकीय सिनेमात चांगली माणसं आणि वाईट माणसं आधीच ठरलेली असतात. आपल्या बाजूचा तो चांगला. सामाजिक सिनेमा तसा निवाडा करत नाही. माणूस असा का वागतोय, त्याला कशाने असा वागायला लावलं, एवढंच तो पाहतो. 'ऑफसाइड'मधला शिपाई वाईट नाही. तोही कठड्याच्या आतच आहे.

अर्थात राज्यकर्त्यांना हा फरक मान्य नाही. कदाचित त्यांच्या दृष्टीने हा सिनेमा जास्त जड जात असेल, असं मला वाटतं. घोषणेला घोषणेने उत्तर देता येतं. पोस्टरला पाडलेल्या भोकांना काय उत्तर देणार?

२०१० ची शिक्षा नेमकी काय होती?

२००९ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर, निकालात गडबड झाल्याचा आरोप करत, इराणमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. पनाहींनी आंदोलकांची बाजू घेतली. १ मार्च २०१० रोजी त्यांना घरातून अटक झाली, सोबत पत्नी, मुलगी आणि पाहुण्यांनाही. इतरांना लवकर सोडलं, पनाही तेहरानच्या एविन तुरुंगात राहिले. त्या वर्षी कानच्या परीक्षक मंडळात त्यांच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवली होती. तुरुंगात अन्नत्याग केल्यानंतर मे अखेरीस जामीन मिळाला.

डिसेंबरमध्ये निकाल आला. सहा वर्षं कैद. शिवाय वीस वर्षं दिग्दर्शन करायचं नाही, पटकथा लिहायची नाही, मुलाखत द्यायची नाही, देश सोडायचा नाही. हज यात्रा आणि औषधोपचार एवढ्यापुरती प्रवासाला सूट. कैद लगेच भोगायला लावली नाही, ती टांगत ठेवली. म्हणजे माणूस घरी, पण कुठल्याही सकाळी दारावर थाप पडू शकते.

पन्नाशीतल्या दिग्दर्शकाला वीस वर्षं म्हणजे उरलेलं सगळं कामाचं आयुष्य.

बंदीतल्या फटी

आता बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर. निकालात दिग्दर्शनाला मनाई होती, पटकथा लिहायला होती. आधी लिहिलेली पटकथा मोठ्याने वाचायला नव्हती. अभिनय करायलाही नव्हती.

२०११ साली पनाहींनी मित्र मोज्तबा मीरतहमास्ब यांना घरी बोलावलं आणि कॅमेरा त्यांच्या हाती दिला. बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावर चिकटपट्टीने आखणी केली: इथे मुलीची खोली, ही खिडकी, हा जिना. मग त्या रेघांत उभे राहून, न झालेल्या सिनेमाची पटकथा वाचत ते प्रसंग समजावून सांगू लागतात. थोड्या वेळाने मध्येच थांबतात, आवाज जड होतो. सिनेमा असा सांगून कळत असता तर तो काढायचा कशाला, असं त्यांना वाटून जातं. तो क्षण मी कितीदा पाहिला असेल, पण त्या चिकटपट्टीच्या रेघा दिसल्या की अजून पोटात कालवतं. काही भाग त्यांनी स्वतःच्या फोनवर टिपला. नाव ठेवलं 'धिस इज नॉट अ फिल्म'. हा सिनेमाच नाही, तर बंदी मोडली कुठे? तो एका पेन ड्राइव्हवर, केकमध्ये लपवून देशाबाहेर कानला पोचवला गेला.

मग 'क्लोज्ड कर्टन' (२०१३), पडदे ओढलेल्या समुद्रकाठच्या घरात. पुढे 'टॅक्सी' (२०१५). पनाही स्वतः टॅक्सी चालवताहेत, कॅमेरा समोरच्या डॅशबोर्डवर, प्रवासी चढताहेत-उतरताहेत. बाहेरून पाहणाऱ्याला टॅक्सीत वावगं काय दिसणार? त्यात त्यांची शाळकरी भाची हाना येते. तिला शाळेत छोटी फिल्म करायची आहे आणि बाईंनी वहीत नियम लिहून दिलेत. ती ते धडाधड वाचते: रुमाल हवा, स्पर्श नको, सज्जन पुरुषाच्या गळ्यात टाय नको, सियाह-नमायी नको. वर मी सांगितलेले नियम तुम्हाला तिच्याच तोंडून ऐकता येतील. या सिनेमाच्या शेवटी श्रेयनामावली नाही. नावं दिली असती तर त्या माणसांवर संकट आलं असतं. बर्लिनमध्ये त्याला 'गोल्डन बेअर' मिळाला. पनाही जाऊ शकत नव्हते, बक्षीस घ्यायला हाना गेली आणि रंगमंचावर तिला रडू आवरलं नाही.

म्हणजे बंदी फारशी कडक नव्हतीच की?

हा आक्षेप हमखास येतो. बंदीची किंमत कुणी मोजली ते पाहा. गालिच्यावरचा तो सिनेमा बाहेर गेल्यावर काही महिन्यांत मीरतहमास्ब यांना अटक झाली. 'क्लोज्ड कर्टन' बर्लिनला दाखवून परतलेल्या दोन सहकाऱ्यांचे पासपोर्ट काढून घेतले. आणि टांगती तलवार २०२२ च्या जुलैमध्ये पडली. अटक झालेल्या मोहम्मद रसूलोफ या दुसऱ्या इराणी दिग्दर्शकाची विचारपूस करायला पनाही सरकारी वकिलांच्या कचेरीत गेले. तिथे त्यांनाच सांगण्यात आलं, तुमची जुनी सहा वर्षं बाकी आहेत. त्यांचा 'नो बेअर्स' व्हेनिसला दाखवला गेला आणि पुरस्कार मिळाला, तेव्हा ते एविनमध्ये होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांनी अन्न-पाणी-औषध सोडल्याचं जाहीर केलं आणि दोन दिवसांनी ते जामिनावर सुटले. पुढे त्यांच्यावरची प्रवासबंदीही उठली.

हे सगळं परदेशी बक्षिसांसाठी आहे का?

इराणी सत्ताधारी हे म्हणतात, आपल्याकडेही कुणी ना कुणी म्हणतं. देशाची लक्तरं बाहेर धुतली की बक्षीस मिळतं, असा त्याचा सूर. पण हे सिनेमे बोलतात ते इराणी प्रेक्षकाशी. त्यातले विनोद, नवरोजची घाई, फुटबॉलचं वेड, सगळं तिथलं. पडद्यावर बंदी असली तरी चोरट्या प्रतींमधून ते घरोघरी पोचले.

दुसरं म्हणजे पाश्चात्त्यांची मर्जी राखणारा हा माणूस नव्हे. २००१ साली हाँगकाँगहून दक्षिण अमेरिकेकडे जाताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. इराणी म्हणून त्यांच्या बोटांचे ठसे मागितले गेले. त्यांनी साफ नकार दिला. काही तास साखळदंडात बसवून त्यांना परत पाठवण्यात आलं. त्याच सुमारास एका अमेरिकी संस्थेने 'द सर्कल'बद्दल अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार दिला होता. पनाहींनी त्या संस्थेला खुलं पत्र लिहून, मग या वागणुकीबद्दल तुम्ही काय करणार, असा जाब विचारला.

पाम दोर मिळाल्यावर कान, व्हेनिस आणि बर्लिन या तिन्ही मोठ्या युरोपीय महोत्सवांचा सर्वोच्च सन्मान मिळवणारे ते चौथे दिग्दर्शक झाले. आधीचे तिघे क्लूझो, अँटोनिओनी आणि ऑल्टमन.

मग ते देश का सोडत नाहीत?

रसूलोफ यांनी सोडला. २०२४ साली आठ वर्षांच्या कैदेची शिक्षा झाल्यावर ते डोंगर ओलांडून पायी बाहेर पडले. त्यांना दोष द्यायचा कुणाला अधिकार नाही.

पनाहींनी आपलं उत्तर 'नो बेअर्स'मध्ये देऊन ठेवलंय. त्यात ते तुर्कस्तानच्या सीमेजवळच्या गावात राहून फोनवरून पलीकडचं चित्रीकरण चालवत असतात. एका रात्री सहायक त्यांना माळावर नेतो, पलीकडे शहराचे दिवे लुकलुकताहेत. सीमा नक्की कुठे आहे, असं पनाही विचारतात. तुम्ही तिच्यावरच उभे आहात, असं उत्तर येतं आणि ते चटका बसल्यासारखे एक पाऊल मागे सरतात. मे २०२५ मध्ये पाम दोर हाती आल्यावरही ते दोन-तीन दिवसांत तेहरानला परतले. विमानतळावर स्वागताला लोक जमले होते.

या वेळच्या सिनेमात नवीन काय?

'इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट'चं फारसी नाव 'यक तसादोफ-ए सादे', एक साधा अपघात. आपला 'साधा' फारसीतलाच. हाही विनापरवाना, लपूनछपून चित्रित झालेला. रस्त्यावरच्या दृश्यांत बायका रुमालाशिवाय आहेत, कारण २०२२ च्या हिजाबसक्तीविरोधी आंदोलनानंतरच्या तेहरानमध्ये त्या तशा दिसतात. इराणकडून ऑस्करला पाठवला जाण्याचा प्रश्नच नव्हता. सहनिर्माता असलेल्या फ्रान्सने तो आपल्या वतीने पाठवला.

एविनमध्ये चौकशीच्या वेळी डोळे बांधून, भिंतीकडे तोंड करून बसवत. मागून प्रश्न येत. विचारणाऱ्याचा चेहरा कधी दिसायचा नाही, फक्त आवाज. पनाहींना प्रश्न पडला, की हा माणूस उद्या बाहेर भेटला तर मी त्याला ओळखेन का? त्यातून ही गोष्ट उभी राहिली. वाहिद नावाच्या मेकॅनिकला एका रात्री कृत्रिम पायाची कुरकुर ऐकू येते. तुरुंगात छळ करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पायाचा असाच आवाज यायचा. तो त्या माणसाला पकडतो, माळरानावर खड्डा खणतो आणि तिथेच शंकेने त्याचा हात थांबतो. हाच का तो? मग बेशुद्ध माणसाला व्हॅनमध्ये घालून तो जुन्या कैद्यांकडे जातो. सगळ्यांचे डोळे तेव्हा बांधलेले. कुणी आवाजावरून सांगतं, कुणी वासावरून, कुणी पाय चाचपून.

मध्येच त्या माणसाचा फोन वाजतो. पलीकडे त्याची लहान मुलगी घाबरून सांगत असते, आई उठत नाहीये. आई गरोदर आहे. आता काय करायचं? सूड घ्यायला निघालेली ती माणसं व्हॅन वळवतात आणि आपल्या छळकर्त्याच्या बायकोला दवाखान्यात पोचवतात. मुलगा होतो. नर्स रिवाजाप्रमाणे मिठाई मागतात आणि वाहिद खिशात हात घालून ती आणायला निघतो.